गोड्या पाण्यातले शिंपले: डीएनएमधल्या तीन टक्के फरकाला प्रजाती म्हणायचं का?

प्रश्न एका संशोधक विद्यार्थिनीचा आहे. गोदावरी आणि भीमा या दोन खोऱ्यांतून तिने लॅमेलिडेन्स जातकुळीचे शिंपले जमवले. बाहेरून दोन्हीकडचे सारखेच दिसतात, पण सीओआय नावाच्या, प्राणी ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका जनुकात साधारण तीन टक्के फरक निघतो. ही नवी प्रजाती म्हणून जाहीर करावी का? आणि नसेल, तर किती टक्क्यांना करतात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एवढ्यावर नाही. दुसऱ्याचं उत्तर: असा आकडा नाही, आणि कुणी छातीठोकपणे सांगितला तर त्याला विचारा की तो कुठल्या प्राण्यावरून काढलाय. २००३ साली पॉल हेबर्ट यांनी डीएनए बारकोडिंगची कल्पना मांडली. सीओआयचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि त्यावरून प्राणी ओळखायचा. पुढे 'दोन-तीन टक्के म्हणजे प्रजाती वेगळी' असा एक व्यवहारी आडाखा रुळला. पतंगांत आणि पक्ष्यांत तो बऱ्यापैकी चालतो. नदीतल्या शिंपल्यांची गत निराळी. प्रौढ शिंपला आयुष्यभर काही मीटरच्या पट्ट्यात राहतो. त्याची ग्लोचिडियम अळी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही दिवस परजीवी म्हणून जगते आणि मासा नेईल तिथे गळून पडते. म्हणजे दोन खोऱ्यांत किती फरक साठेल हे यजमान मासा किती फिरतो आणि त्या खोऱ्यांचं पाणी शेवटचं कधी एकमेकांना मिळालं होतं, यावर ठरतं. तीन टक्के फरक एकाच प्रजातीच्या दोन जुन्या, विलग समूहांतही साठू शकतो. उलट, खऱ्याखुऱ्या दोन प्रजातींत तो याहून कमी असू शकतो.

तरीही डीएनएकडे वळण्याचा निर्णय योग्यच आहे, कारण या प्राण्याचं कवच फार फसवं. फिलाडेल्फियाचा प्रकाशक आणि शंखशिंपल्यांचा अभ्यासक आयझॅक ली याने एकोणिसाव्या शतकात शिंपल्यांना शेकडो नावं दिली. फ्रान्समध्ये बूर्गिन्या आणि त्याच्या अनुयायांनी अ‍ॅनोडोंटा या एकाच जातकुळीत शेकडो 'प्रजाती' करून ठेवल्या. आज युरोपात त्यातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच टिकल्या आहेत. मग १९२० साली ऑर्टमन यांनी दाखवून दिलं की एकाच प्रकारचा शिंपला उगमाकडच्या छोट्या प्रवाहात चपटा असतो आणि खाली मोठ्या नदीत फुगीर होत जातो. आकार पाण्याप्रमाणे बदलतो. याचा कळस २०१३ मधल्या एका अभ्यासात दिसला. अमेरिकेच्या दक्षिण भागातले ओबोव्हेरिया जॅक्सोनियाना आणि व्हिलोसा अर्कान्सासेन्सिस हे दोन शिंपले आधीच्या मंडळींनी दोन वेगवेगळ्या जातकुळींत टाकले होते. जनुकं आणि कवचाची मोजमापं एकत्र पाहिल्यावर ते एकाच प्राण्याचे दोन अवतार निघाले, आणि आता दोघांचं मिळून ओबोव्हेरिया अर्कान्सासेन्सिस हे एकच नाव चालतं.

आपल्या शेजारचं उदाहरण याहून गमतीचं आहे. कर्नाटकात तुंगा आणि भद्रा नद्यांत खडकाला कायमचा चिकटून वाढणारा स्यूडोमुलेरिया डालाय नावाचा शिंपला आहे, कालवासारखा. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतही असे चिकटणारे शिंपले आहेत, म्हणून शंभरेक वर्षं या सगळ्यांना एकाच कुळात बसवलं होतं. २००० साली बोगन आणि होए यांनी डीएनए पाहिला. डालाय निघाला आपल्या साध्या नदीतल्या शिंपल्यांच्या, म्हणजे युनिओनिडी कुळातला. चिकटण्याची सवय त्याने स्वतंत्रपणे उचलली होती. कवच इथे प्रजातीच्याच नव्हे, कुळाच्या पातळीवर फसवून गेलं.

तेव्हा कवचावर डोळे झाकून भरवसा नाही, हे झालं. पण आता त्याच भाबडेपणाने सीओआयवर भरवसा टाकायचा का? इथे मला टेक्सासची गोष्ट सविस्तर सांगायची आहे. प्रजातीची सीमा आखताना काय काय पणाला लागतं हे इतकं स्वच्छ दुसरीकडे दिसलेलं मी पाहिलं नाही.

२०११ साली अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने मध्य टेक्सासमधले पाच शिंपले संरक्षणाच्या यादीसाठी उमेदवार ठरवले: टेक्सास फॅटमकेट, गोल्डन ऑर्ब, स्मूद पिंपलबॅक, टेक्सास पिंपलबॅक आणि टेक्सास फॉन्सफूट. आता तिथल्या कायद्यातली एक अट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं नाट्य तिच्यामुळे घडतं. १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यानुसार मासा, पक्षी, सस्तन अशा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा एखादा वेगळा समूहसुद्धा संरक्षित करता येतो. शिंपल्यांसारख्या अपृष्ठवंशीयांना ती सवलत नाही. प्रजाती किंवा उपप्रजाती असेल तरच संरक्षण. म्हणजे एका नदीतले शिंपले कितीही वेगाने घटत असले, तरी ते दूरवर पसरलेल्या प्रजातीचा भाग ठरले की कायद्याला ते वेगळे दिसत नाहीत. वर्गीकरणाच्या एका वाक्यावर नदीवरच्या धरणाचे आणि पाणीउपशाचे निर्णय अवलंबून राहतात.

या पाचांतले गोल्डन ऑर्ब आणि दोन्ही पिंपलबॅक सायक्लोनायस जातकुळीत येतात. २०१८ मध्ये या जातकुळीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जनुकं, कवचाची मोजमापं आणि भौगोलिक विस्तार तिन्ही एकत्र तपासले होते. निकाल दोन्ही बाजूंना गेला. गोल्डन ऑर्ब आणि स्मूद पिंपलबॅक या दोन्हींना वेगळं म्हणावं असा पुरावा मिळाला नाही. ते मिसिसिपीच्या खोऱ्यापर्यंत पसरलेल्या सायक्लोनायस पुस्टुलोसाचेच भाग निघाले. पुस्टुलोसा हे नाव ली यांनी १८३१ मध्ये दिलेलं, म्हणजे जुनं, म्हणून तेच राहिलं. दोन उमेदवार यादीतून गळले. याउलट टेक्सास पिंपलबॅकच्या बाबतीत ग्वादालूपे नदीतले शिंपले कोलोरॅडो नदीतल्यांपेक्षा (ही टेक्सासची कोलोरॅडो, ग्रँड कॅन्यनची नव्हे) जनुकांनी, मापांनी आणि ठिकाणाने स्पष्ट वेगळे ठरले. त्यांना त्याच वर्षी सायक्लोनायस नेकाय, म्हणजे ग्वादालूपे ऑर्ब, असं नाव मिळालं होतं, आणि या अभ्यासाने ते उचलून धरलं. २०२० मध्ये फॅटमकेटचीही अशीच फाळणी होऊन ग्वादालूपे फॅटमकेट वेगळा झाला. यादीत नंतर आलेल्या फॉल्स स्पाइकचे दोन झाले, आणि वेगळ्या झालेल्याला १८९८ मधलं एक विसरलेलं नाव परत मिळालं. जून २०२४ मध्ये अंतिम निर्णय आला: सात शिंपले यादीत, सहा संकटग्रस्त आणि एक, फॉन्सफूट, धोक्यात. २०११ च्या पाचांपैकी दोन गेले, तीन राहिले, चार नवे आले.

या गोष्टीतून मी घेतो ती बाब अशी. बातमी नेहमी फाळणीची होते: 'गुप्त प्रजाती सापडली', 'एकाच्या दोन झाल्या'. पण त्या अभ्यासाची खरी पत मला एकत्रीकरणात दिसते. संरक्षणाच्या दारात उभ्या असलेल्या दोन नावांना 'नाही, ही वेगळी नाहीत' असं सांगणं सोपं नाही. आपल्या आवडत्या नदीला वाचवायचं म्हणून प्रजाती फोडण्याचा मोह या धंद्यात खराच असतो, आणि मी तो जवळून पाहिला आहे. तो टाळण्याचा उपाय एकच: फाळणीचा पुरावा ज्या निकषाने मान्य करता, त्याच निकषाने एकत्रीकरणाचाही करायचा. गोल्डन ऑर्बला संरक्षण मिळालं नाही हे नदीच्या दृष्टीने वाईट झालं असेल, पण तो दोष कायद्याच्या त्या अटीचा आहे. वर्गीकरण वाकवून तो झाकायचा नसतो.

आता तुमच्या आकड्यांकडे. सर्वांत आधी एक धोका, कारण तो फक्त शिंपल्यांत आणि त्यांच्या काही भाऊबंदांतच असतो आणि मार्गदर्शकांनाही बऱ्याचदा माहीत नसतो. बहुतेक प्राण्यांत मायटोकाँड्रिया (पेशीतले ऊर्जा बनवणारे कण, ज्यांचा डीएनए वेगळा असतो; सीओआय हे त्यातलंच जनुक) आईकडूनच येतात. नदीतल्या अनेक शिंपल्यांत मात्र नराकडे दोन प्रकारचे असतात: आईकडून आलेला एक, आणि बापाकडून मुलग्यांकडे जाणारा दुसरा. बापाकडचा प्रकार मुख्यतः नराच्या जननग्रंथीत आणि शुक्रपेशींत सापडतो. हे दोन वंश कोट्यवधी वर्षं वेगळे चालत आले आहेत, त्यामुळे एकाच नराच्या अंगातले हे दोन मायटोकाँड्रिया दोन वेगळ्या प्रजातींपेक्षाही जास्त दूरचे असतात. प्रथिनांच्या पातळीवर हा फरक चाळीस टक्क्यांपर्यंत आणि कधी त्याहून वर जातो. चुकून जननग्रंथीचा तुकडा घेतला, तर एकाच शिंपल्यातून 'नवं कुळ' सापडल्याचा भास होईल. तुमचा फरक तीन टक्के आहे, त्यामुळे हा घोळ इथे नसावा. तरीही नमुना प्रावाराच्या, म्हणजे कवचाच्या आतल्या मऊ पातळ पडद्याच्या, कडेचा किंवा पायाचाच घ्या. दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा पुरतो, तो ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवायचा. असा तुकडा कापलेला शिंपला परत नदीत सोडला तर सहसा जगतो. प्रत्येक वेळी जीव घ्यायची गरज नसते.

दुसरी मर्यादा सीओआयची स्वतःचीच आहे. तो आईच्या बाजूने येणारा एकच धागा. नुसत्या आडनावावरून घराण्याचा इतिहास लिहावा तसं हे होतं: आडनाव खरं असतं, पण आजोळांची सगळी माणसं त्यात हरवतात. दोन प्रजाती पूर्वी कधी संकरित झाल्या असतील, तर एकीचा मायटोकाँड्रिया दुसरीत जाऊन बसू शकतो आणि पेशीच्या केंद्रकातला डीएनए वेगळंच सांगू शकतो. म्हणून सीओआयच्या जोडीला किमान एनडी१ हे मायटोकाँड्रियातलं दुसरं जनुक आणि केंद्रकातला आयटीएस१ हा डीएनएचा पट्टा घ्या. पैसे असतील तर जीनोमभर विखुरलेली हजारो ठिकाणं वाचणाऱ्या रॅड पद्धतींपैकी एखादी वापरा. आयटीएस१ शिंपल्यांत बऱ्याचदा हळू बदलतो, त्यामुळे त्यात फरक दिसला नाही म्हणून लगेच 'एकच' असंही म्हणू नका.

संगणकाकडून प्रजाती मोजून घेण्याचा मोहही असतो. एबीजीडी, पीटीपी, बीपीपी अशी साधनं फुकट मिळतात, आणि माहिती घातली की ती 'इतक्या प्रजाती' असा आकडा देतात. त्यांचं काम निरुपयोगी नाही. पण २०१७ मध्ये सुकुमारन आणि नोल्स यांनी दाखवलं की बीपीपीसारख्या, अनेक जनुकांच्या वंशावळींवर उभ्या असलेल्या पद्धती नेमक्या कशाची सीमा शोधतात: समूहांमधली रचना. ती रचना प्रजातींची आहे की एकाच प्रजातीतल्या वेगळ्या पडलेल्या गटांची, हे त्यांना ओळखता येत नाही. आणि नदीच्या शिंपल्यांत अशी रचना जवळपास सगळीकडे असते, कारण प्रत्येक खोरं एक बंद खोली आहे. जितकी जास्त जनुकं घालाल तितक्या जास्त 'प्रजाती' बाहेर पडतील. त्यावर उतारा म्हणून जीडीआय नावाचा निर्देशांक वापरतात: ०.२ च्या खाली एकच प्रजाती, ०.७ च्या वर वेगळ्या, मधलं सगळं धूसर. मला तो आवडतो तो त्याच्या मधल्या पट्ट्यासाठी. 'सांगता येत नाही' असं उत्तर छापायची सोय तरी त्यात आहे.

मग निर्णय कशावर होतो? एकमेकांवर अवलंबून नसलेले पुरावे एकाच रेषेवर आले की. टेनेसी राज्यातल्या डक नदीतला एपिओब्लाझ्मा जातकुळीचा शिंपला घ्या. तो बराच काळ क्लिंच नदीतल्या एपिओब्लाझ्मा कॅप्सिफॉर्मिसमध्येच धरला जायचा. या शिंपल्याची मादी माशाला भुलवण्यासाठी प्रावाराचा रंगीत भाग उघडून दाखवते. क्लिंचमध्ये तो निळसर पांढरा, डक नदीत गडद. जनुकांनीही फरक दाखवला. २०१० मध्ये जोन्स आणि नीव्ह्ज यांनी डक नदीतल्याला एपिओब्लाझ्मा आल्स्टेड्टाय हे वेगळं नाव दिलं. ज्या अवयवाने शिंपला आपला यजमान गाठतो तो अवयवच दोन नद्यांत वेगळा आहे, हा पुरावा कुठल्याही टक्केवारीपेक्षा वजनदार. पैदास केंद्रांनाही हे माहीत असणं गरजेचं होतं, नाहीतर एका नदीची पिल्लं दुसरीत सोडली गेली असती.

यजमान मासा हा असाच दुसरा स्वतंत्र साक्षीदार. फॉल्स स्पाइकला आधी क्वाड्रुला जातकुळीत टाकलं होतं, आणि क्वाड्रुला व तिचे जवळचे नातेवाईक मांजरमाशांवर वाढतात. २०१६ मध्ये जनुकांनी त्याला फ्युस्कोनाइयामध्ये हलवलं. त्या जातकुळीचे यजमान छोटे, थव्याने फिरणारे मासे. नंतर प्रयोग केले तेव्हा फॉल्स स्पाइकच्या अळ्या शायनर गटातल्या छोट्या माशांवरच रूपांतरित झाल्या. वंशवृक्षाने केलेलं भाकीत टाकीतल्या माशाने खरं केलं. लॅमेलिडेन्सच्या दोन गटांवर असा प्रयोग जमला, एकाच टाकीत एकाच प्रकारच्या माशांवर दोन्हीकडच्या अळ्या घालून, तर तुमच्या प्रबंधातला तो भाग मी सगळ्यात आधी वाचेन.

पण त्याआधी नमुने. तुमचा नकाशा पाहिला नाही, तरी प्रश्नावरून वाटतं की गोदावरीचे शिंपले खूप खालून आणि भीमेचे खूप दुरून घेतले असावेत. दोन टोकांचेच नमुने घेतले की फरक नेहमी मोठा आणि स्वच्छ दिसतो. मधल्या अंतरात तो हळूहळू वाढतो की एका जागी अचानक तुटतो, हे कळत नाही. गोदावरी आणि भीमा यांच्यामधला पाणलोट हरिश्चंद्रगड-बालाघाटच्या डोंगररांगेवरून जातो. अहिल्यानगर जिल्ह्यात मुळा-प्रवरेचं पाणी गोदावरीला जातं आणि सीनेचं भीमेला. रांगेच्या दोन्ही अंगांना, जवळजवळच्या ओढ्यांतून नमुने घ्या. तिथे, वीस-तीस किलोमीटरवर, तीन टक्क्यांची तीच फट तशीच उभी राहिली आणि केंद्रकातल्या जनुकांतही दिसली, तर विचार करायला जागा आहे. तिथे ती विरघळली, तर तुम्ही अंतर मोजत होता.

एक गोष्ट आपल्याकडे वेगळी आहे आणि ती टेक्सासवाल्यांना इतकी छळत नाही. आपले जलाशय मत्स्यबीजाने भरलेले आहेत. कटला, रोहू हे मुळात उत्तरेकडच्या नदीप्रणालीतले मासे जायकवाडी, उजनीसारख्या जलाशयांत वर्षानुवर्षं सोडले जातात, आणि बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांच्या, कल्ल्यांना ग्लोचिडियम चिकटलेली असली तर ती कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय मोत्यांच्या शेतीसाठी लॅमेलिडेन्स मार्जिनालिस, कोरियानस आणि पॅरेसिया कोरुगाटा हेच शिंपले वापरतात, आणि तळ्यात टाकलेला शिंपला कुठल्या नदीतून आला हे विक्रेत्यालाही नेहमी सांगता येत नाही. त्यामुळे धरणाच्या फुगवट्यातले नमुने वेगळे नोंदवा. भीमेच्या एका जागी गोदावरीचा हॅप्लोटाइप, म्हणजे तिथला ठरावीक डीएनए-क्रम, सापडला, तर तो नैसर्गिक संपर्क की मत्स्यबीजाच्या पिशवीतून आलेला पाहुणा, हे त्या नोंदीशिवाय ठरवता येणार नाही.

आणि समजा सगळे पुरावे जुळले. तरी 'नवी' प्रजाती जाहीर करण्याची घाई नको. लॅमेलिडेन्स मार्जिनालिस हे नाव लामार्कने १८१९ मध्ये दिलं, आणि त्यानंतर ली, बेन्सन, प्रेस्टन, प्रसाद अशा अनेकांनी भारतातल्या शिंपल्यांना नावं दिली, जी पुढे एकमेकांत विलीन झाली. तुमच्या दोन गटांपैकी एकाला यातलं एखादं जुनं नाव लागू होण्याची शक्यता भरपूर आहे. त्यासाठी त्या नावाचा मूळ नमुना आणि तो जिथून घेतला ते ठिकाण शोधावं लागतं, आणि जमलं तर त्याच ठिकाणचे ताजे शिंपले घेऊन त्यांचा डीएनए तुलनेत ठेवावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे. ग्रंथालयात आठवडे जातात आणि शेवटी हातात येतं ते 'बंगाल' किंवा 'दक्षिण भारत' इतकंच लिहिलेलं लेबल. पण युरोपात नेमकं हेच झालं. युरोपीय महासंघाच्या अधिवास निर्देशात नावानिशी संरक्षित असलेल्या युनिओ क्रासस या एका शिंपल्यात अनेक प्रजाती दडलेल्या निघाल्या, आणि त्यातल्या काहींसाठी जुनी, बाजूला पडलेली नावंच पुन्हा उभी करावी लागली.

जुनं नाव खरंच सापडलं नाही, तर जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती अधिकृत भांडाराला कळवावी लागते आणि नमुना तिथे जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी ते भांडार म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. परदेशातल्या प्रयोगशाळेत ऊती पाठवायच्या असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या नियमांत ते कसं बसतं, हे आधी मार्गदर्शकांकडून तपासून घ्या. आणि ज्या शिंपल्याचा डीएनए वाचला, त्याच शिंपल्याचं कवच, त्याच क्रमांकाने, जपून ठेवा. जनुकक्रमांच्या सार्वजनिक साठ्यात नुसतं 'लॅमेलिडेन्स मार्जिनालिस, भारत' इतकंच लिहिलेला क्रम, मागे कवच नसेल तर, पुढच्या माणसाच्या काहीही कामाचा नसतो.